दुपारी बारा वाजता नीट चालणारा रुग्ण पहाटे का पडतो? पार्किन्सन्समधील वारंवार पडण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण 67 वर्षांचे निवृत्त शिक्षक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पार्किन्सन्सचे, म्हणजे हालचाली बिघडवणाऱ्या मेंदूच्या आजाराचे, निदान होऊन आठ वर्षे झाली होती. आजार होन-यार श्रेणीच्या तिसऱ्या टप्प्यावर होता, म्हणजे लक्षणे दोन्ही बाजूंना, तोल सावरण्याची क्षमता कमी, पण आधाराशिवाय चालता येते. त्यासाठी लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी 7, 11, दुपारी 3 आणि संध्याकाळी 7 अशी चार वेळा. गोळीचा असर असताना, म्हणजे ‘ऑन’ वेळेत, गृहस्थ स्वतःची सगळी कामे स्वतः करत. पुढच्या गोळीच्या आधीचा पाऊण तास आणि रात्री अकरापासून सकाळच्या गोळीपर्यंतचा काळ ‘ऑफ’, म्हणजे असर उतरलेला, जात असे.

याशिवाय रक्तदाबासाठी सकाळी अमलोडिपिन 5 मिलिग्रॅम आणि प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन 0.4 मिलिग्रॅम. ही औषधे वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वर्षी सुरू केलेली होती. सगळ्या गोळ्या एकत्र समोर ठेवून कोणी पाहिल्या नव्हत्या.

घरी पत्नी, वय 63. मुलगा दुसऱ्या शहरात. चार महिन्यांत गृहस्थ सहा वेळा पडले, सहाव्या वेळी भुवईवर चार टाके पडले. पुनर्वसन विभागाकडे आलेल्या चिठ्ठीत एकच ओळ होती: तोल जातो, चालण्याचे व्यायाम द्यावेत.

पहिली तपासणी

दुपारी बारा वाजता, 11 च्या गोळीनंतर तासाभराने झाली. नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला 0.94 मीटर. खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला 13.8 सेकंद, तेच करताना शंभरातून तीन-तीन वजा करायला सांगितल्यावर 21.5 सेकंद. खुर्चीतून पाच वेळा उठायला 19 सेकंद. मिनी-बेस्टेस्ट या तोलाच्या चाचणीत 28 पैकी 17. आकलनाच्या मोका चाचणीत 30 पैकी 23. पडण्याची भीती मोजणाऱ्या प्रश्नावलीत 41 (किमान 16, कमाल 64).

पार्किन्सन्समध्ये पुढे पडण्याची शक्यता ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरतात: गेल्या वर्षभरात पडलात का, गेल्या महिन्यात पाय जागीच अडकले का, आणि चालीचा वेग सेकंदाला 1.1 मीटरपेक्षा कमी आहे का. इथे तिन्हींचे उत्तर ‘हो’ होते. पण त्यातून रुग्ण पडणार एवढेच कळते. कशामुळे पडणार, हे कळत नाही. उजेड असलेल्या, मोकळ्या, सपाट मार्गिकेत गृहस्थ एकदाही अडकले नाहीत. एकट्या या तपासणीवर विसंबले असते, तर तोलाच्या व्यायामांचा छापील कागद हातात देऊन काम संपले असते.

सहा पडणी, एकेक करून

‘तोल जातो’ हे वर्णन बाजूला ठेवून प्रत्येक पडण्याची वेगळी चौकशी केली: किती वाजता, शेवटची गोळी कधी, कुठून कुठे जाताना, हातात काय होते, कोणत्या दिशेला पडले, त्याआधी काय वाटले, उठले कसे. पत्नीला वेगळे विचारले, कारण त्यांनी पाहिलेले आणि गृहस्थांना आठवणारे यांत बरीच तफावत होती.

चित्र असे निघाले. पहिले आणि चौथे पडणे रात्री तीन-साडेतीनच्या सुमारास, बाथरूमच्या दारात: पाय उंबरठ्याशी चिकटले, धड पुढे गेले. दुसरे पहाटे पावणेसहाला: पलंगावरून उठून दोन-तीन पावले टाकली, डोळ्यांसमोर अंधारी आली आणि गुडघे गळाले. तिसरे संध्याकाळी साडेसहाला, स्वयंपाकघरात: हातात भरलेला कप, मागून पत्नीने “अहो, ऐकलंत का?” अशी हाक मारली, गृहस्थ जागच्या जागी वळले आणि पायात पाय अडकला. पाचवे कपाटाचे घट्ट बसलेले दार ओढताना: दार एकदम सुटले आणि ते सरळ मागे गेले. सहावे दारावरची बेल वाजली तेव्हा: घाईने निघाले, सोफा आणि टेबल यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अडकले.

म्हणजे सहा पडण्यांमागे कारणे चार: अरुंद जागेत पाय अडकणे, उभे राहिल्यावर रक्तदाब उतरणे, दुसरीकडे लक्ष असताना वळणे, आणि मागे जाणारा तोल पाऊल टाकून न सावरता येणे. चारही कारणांवरचे उपाय वेगळे आहेत. त्यातल्या रक्तदाबाच्या कारणावर तोलाच्या व्यायामाचा काडीचाही उपयोग होत नाही.

रक्तदाब तिसऱ्या भेटीत मोजला. पाच मिनिटे झोपवून 136/82, उभे केल्यावर तिसऱ्या मिनिटाला 112/70. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ती उभे राहिल्यावरची रक्तदाब-घट मानली जाते. दुसऱ्या आठवड्यात ठरलेल्या घरभेटीत, सकाळी सव्वासहाला, 7 ची गोळी घेण्याआधी पुन्हा मोजला: 142/84 वरून 104/66. वरचा आकडा 38 ने उतरला आणि नाडी मात्र 72 वरून फक्त 77 वर गेली. निरोगी माणसात इतक्या घटीला नाडी जोरात उत्तर देते. ती हलली नाही, याचा अर्थ शरीरातले पाणी कमी होण्यापेक्षा स्वायत्त मज्जासंस्थेचाच (नाडी आणि रक्तदाब आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) बिघाड अधिक संभवतो.

त्याच भेटीत घरातली चाल मोजली. वेग 0.58 मीटर, पाऊल 52 सेंटिमीटरवरून 31 वर, आणि उठून-चालून-बसण्याच्या चाचणीला 27 सेकंद, त्यात दोनदा पाय अडकले. बारा वाजता तपासलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे यावर विश्वास बसू नये, इतका फरक होता.

एक गोष्ट मोजता येण्यासारखी नव्हती, पण डोळ्यांत भरली. बाथरूमच्या दारात पाय अडकताच पत्नी मागून म्हणाल्या, “अहो, पाय उचला! सावकाश! उचला ना!” आणि त्यांनी दंड धरून पुढे ओढले. पाय जागेवर, छाती पुढे. पडण्याची तयारी त्या ओढण्यातच होती. त्यामागची माया खरी होती, म्हणूनच कोणी त्यांना हे आधी सांगितले नसावे.

कोणते पर्याय समोर होते

मुलाचा आग्रह होता की वडिलांनी सोबतीशिवाय उठूच नये. ही भीती समजण्यासारखी आहे. पण पाच उठण्यांना 19 सेकंद लागणाऱ्या मांड्या महिनाभर बसून राहिल्या की आणखी कमजोर होतात, आणि मग धरून उठवणाऱ्यालाही घेऊन पडतात. शिवाय गृहस्थ हा नियम पाळणार नव्हते. न पाळला जाणारा नियम सुरक्षा देत नाही, त्याने पडणे लपवले जाते. या पर्यायातला एकच तुकडा घ्यायचा ठरला: रात्रीचे चालणे कमी करायचे.

दुसरा पर्याय घरात येऊन पडलेलाच होता: नातेवाइकांनी आणलेला चार पायांचा, चाके नसलेला वॉकर. पाय अडकणाऱ्या पार्किन्सन्समध्ये तो बहुतेक वेळा चुकीचा ठरतो. उचला, ठेवा, मग पाऊल टाका या क्रमात चालीची लय दर पावलाला तुटते आणि प्रत्येक नवी सुरुवात म्हणजे अडकण्याची नवी संधी. उचलताना धड मागे जाते, आणि गृहस्थांचा तोल मागे जाण्याकडेच होता. चार चाकांचा वॉकर ‘ऑन’ वेळेत छान चालला, पण गोळीचा असर उतरताना पावले लहान आणि भरभर होत गेली, वॉकर पुढे पळाला आणि गृहस्थ त्याच्यामागे ओढले गेले. शेवटी बाहेर जाण्यासाठी उलट्या ब्रेकचा वॉकर निवडला: मूठ दाबलेली असेल तरच चाके फिरतात, हात सुटला की थांबतात. घरात वॉकर नको, असेही ठरले, कारण चिंचोळ्या जागा त्याने आणखी चिंचोळ्या होणार होत्या.

तिसरा पर्याय लेवोडोपा वाढवण्याचा. ‘ऑफ’मधले अडकणे त्याने कमी होऊ शकते, पण लेवोडोपा स्वतःच रक्तदाब उतरवते. आधी रक्तदाब सावरल्याशिवाय मात्रेला हात लावायचा नाही, हे न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ठरले.

चौथा, फक्त व्यायाम. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत 231 रुग्णांवर सहा महिने घरगुती व्यायामाचा प्रयोग झाला. सौम्य आजार असलेल्यांची पडणी कमी झाली, पुढच्या टप्प्यातल्यांची झाली नाहीत. हे रुग्ण दुसऱ्या गटाच्या जवळचे. म्हणून व्यायाम ठेवायचा, पण सगळा भार त्याच्यावर टाकायचा नाही.

काय केले, कोणत्या क्रमाने

आधी रक्तदाब आणि रात्र. फिजिशियनने घरच्या नोंदींवर लक्ष ठेवून अमलोडिपिन बंद केले. ती गोळी सकाळऐवजी रात्री द्यावी का, हा प्रश्न पत्नीने विचारला होता. पण तिचा असर दिवसभराहून जास्त टिकतो, वेळ बदलून फारसे साधले नसते. दहा दिवसांनी मूत्ररोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीत लघवी केल्यावर मूत्राशयात उरणारी लघवी पाहिली. ती थोडी होती, आणि उभे राहिल्यावरचा रक्तदाब उतरवू शकणाऱ्या टॅमसुलोसिनने गृहस्थांना विशेष आरामही नव्हता, म्हणून तेही थांबवून पाहिले. त्यानंतर आठवड्याने रात्री साडेदहाला लेवोडोपाची सावकाश विरघळणारी गोळी सुरू झाली. तिन्ही बदल एकाच दिवशी केले असते, तर बरे-वाईट कशाने झाले ते कळले नसते. यातले काहीही रुग्णाने स्वतःच्या मनाने करण्यासारखे नाही.

पलंगाच्या डोक्याकडचे दोन पाय 15 सेंटिमीटर उंच ठोकळ्यांवर ठेवले. डोके वर राहिले की रात्री मूत्रपिंड कमी लघवी तयार करतात आणि पहाटेची रक्तदाब-घटही कमी होते. दोन उशा जास्त घेऊन हे साधत नाही, त्याने फक्त मान वाकते. सकाळी पलंगावरच सुमारे 400 मिलिलिटर पाणी, मग पावले दहा वेळा वर-खाली, पाय खाली सोडून दोन मिनिटे बसणे, मग उभे राहून ‘वीस’पर्यंत मोजणे आणि नंतर पहिले पाऊल. मांडीपर्यंतचे घट्ट मोजे सुचवले होते. ते चढवायला पत्नीला वीस मिनिटे लागत आणि तिसऱ्या दिवशी ते कपाटात गेले. त्याऐवजी पोटपट्टा दिला: उठण्याआधी बांधायचा, आडवे होताना सोडायचा. तो टिकला.

लघवीच्या भांड्यावरून मात्र अडले. “मी अजून अंथरुणाला खिळलेलो नाही,” असे गृहस्थ म्हणाले. त्यांना पटवण्यात वेळ घालवण्याऐवजी प्रश्न बदलला: रात्री अकरा ते सकाळच्या गोळीपर्यंत भांडे, दिवसभर बाथरूम, आणि भांडे वापरायचे ते पलंगाच्या कडेला बसून, आडवे पडून नाही. वेळेची हद्द घातल्यावर ते तयार झाले. आठवड्यातून एक-दोनदा ते तरीही बाथरूमला जात, म्हणून दारातले काम टाळता येणार नव्हतेच.

तिथे जमिनीवर चार सेंटिमीटर रुंद, फरशीहून वेगळ्या रंगाच्या पट्ट्या 45 सेंटिमीटर अंतराने आडव्या लावल्या. पट्टी ओलांडायची म्हटली की पाऊल मेंदूच्या बिघडलेल्या आपोआप-यंत्रणेवर न राहता डोळ्यांच्या मदतीने, जाणीवपूर्वक पडते. पहिल्या खेपेला पट्ट्या उंबरठ्यापर्यंत आणून थांबवल्या. दुसऱ्या आठवड्यात गृहस्थ नेमके तिथेच अडकून पडले: शेवटची पट्टी आली, इशारा संपला, चाल संपली. मग दोन पट्ट्या उंबरठ्याच्या पलीकडे, आत, न घसरणाऱ्या खरखरीत टेपच्या लावल्या. घोट्याच्या उंचीवर हालचालीने लागणारा दिवा बसवला, कारण अंधारात पट्ट्या दिसल्याच नाहीत तर त्यांचा उपयोग शून्य.

पाय अडकल्यावर काय करायचे याचा कागद आधी पाच सूचनांचा होता. मोका 23 असलेल्या माणसाला पाय अडकलेला असताना पाच सूचना आठवत नाहीत. त्या तीनवर आणल्या: थांबा, डावी-उजवीकडे डोला, मोठे पाऊल टाका. पत्नीचे काम: बाजूला उभे राहणे, हात न ओढणे, आणि ठरलेल्या लयीत फक्त “थांबा… डोला… एक” म्हणणे. हे ‘ऑन’ वेळेत शिकवले आणि सकाळी सव्वासहाला घरी दोनदा घोटून घेतले. मागून हाक मारायची नाही, समोर येऊन बोलायचे, हा नियम पत्नीनेच सुचवला. सगळ्या आखणीतला हा सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत कामाचा उपाय.

व्यायाम दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा देखरेखीखाली, आणि चार दिवस घरी 25 मिनिटे. तीनपैकी एक सत्र मुद्दाम साडेदहाला, गोळीचा असर उतरत असताना. खुर्चीतून उठणे 50 सेंटिमीटर उंचीपासून सुरू, सहाचे तीन संच, आणि तिन्ही संच हात न टेकता जमले की आसन दोन सेंटिमीटर खाली, शेवटी 44. मागे पडण्यासाठी पाऊल टाकण्याचा सराव: कमरेला पट्टा, मागे एक जण, बाजूला एक जण, थेरपिस्टच्या हातावर रेलायला सांगून हात अचानक काढायचा आणि गृहस्थांनी एकच मोठे पाऊल मागे टाकून सावरायचे, दर सत्रात प्रत्येक दिशेला आठ वेळा. सुरुवातीला ते चार-पाच चिमुकली पावले टाकत मागे धावत. वळण्यासाठी मोकळ्या जागेत मीटरभर रुंदीचा वळसा, स्वयंपाकघरात घड्याळाची पद्धत: पाऊल बारावर, मग तीनवर, मग सहावर. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र, मिनिटाला 97 ठोक्यांवर, म्हणजे त्यांच्या 108 च्या लयीपेक्षा दहा टक्के सावकाश. पाय अडकणाऱ्यांना लय वाढवली की पावले आणखी आखूड होतात. फोमवर डोळे मिटून उभे राहण्याचा व्यायाम घेतला नाही, कारण त्यांच्या एकाही पडण्याशी त्याचा संबंध नव्हता.

कपाटाचे बिजागर सैल करून तेल घातले आणि दार उघडताना एक पाय पुढे, एक मागे ठेवायला शिकवले. सोफा भिंतीला सरकवून वाट 90 सेंटिमीटर केली. जमिनीवरून उठण्याचा सराव दोघांनाही दिला.

सहाव्या आठवड्यातला प्रश्न

रक्तदाब सावरला, चाल सुधारली, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात गृहस्थ दोनदा पडले. एकदा वाळलेले कपडे दोन्ही हातांत छातीशी धरून चालताना, एकदा फोन घ्यायला झटकन वळताना. मुलाने व्यायाम थांबवायला सांगितले.

नोंदवही पाहता दिसले की आठवड्याला चालण्याचे तास जवळपास दुप्पट झाले होते आणि ते अशी कामे करत होते जी चार महिन्यांपूर्वी सोडून दिली होती. धोका वाढला होता तो सुधारणेमुळेच. व्यायाम थांबवला नाही. दोन गोष्टी बदलल्या: कपड्यांसाठी खांद्याला अडकवायची पिशवी, म्हणजे हात मोकळे आणि पाय दिसतात, आणि दहाव्या आठवड्यासाठी ठेवलेला ‘चालताना दुसरे काम’ हा सराव लगेच सुरू केला, आधी रिकामा कप, मग भरलेला, मग बोलत बोलत. घरात खरा नियम मात्र उलटा ठेवला: चालताना बोलायचे नाही, बोलायचे तर थांबायचे.

निष्पत्ती

बारा आठवड्यांत तीन पडणी, एकातही इजा नाही. पुढच्या तीन महिन्यांत एक, अनोळखी घरातल्या खोल सोफ्यावरून उठताना. सकाळची रक्तदाब-घट 38 वरून 16 वर आली. झोपून मोजलेला रक्तदाब 146/84 झाला, तेवढा फिजिशियनने मान्य केला. रात्रीची लघवी तीनदावरून दोनदा. ‘ऑफ’मधली उठून-चालण्याची वेळ 27 वरून 21 सेकंद, भीतीचा गुण 41 वरून 34. मिनी-बेस्टेस्ट 17 वरून 20 झाला, पण तीन गुणांचा फरक मोजमापाच्या चुकीतही बसतो, म्हणून त्याला श्रेय देणे योग्य नाही. इतके उपाय एकत्र केल्यावर कोणत्या एकाने पडणे कमी झाले हे एका रुग्णावरून सांगता येत नाही. पहाटेचे अंधारी येऊन पडणे मात्र औषधबदलानंतर एकदाही झाले नाही.

वेगळे काय करता आले असते

झोपून आणि उभे राहून रक्तदाब पहिल्याच भेटीत मोजायला हवा होता. पाच-सात मिनिटांचे काम, पण ते तिसऱ्या भेटीपर्यंत राहिले आणि तेवढे दिवस गृहस्थ रोज पहाटे त्याच रक्तदाबावर उठत राहिले. घरभेट पहाटे शक्य नसेल, तर निदान पत्नीने फोनवर काढलेला पहाटेचा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात मागवता आला असता.

हाडांची घनता नवव्या आठवड्यात तपासली आणि ती कमी निघाली. पडणाऱ्या माणसाची हाडे पाहणे हे पडणे थांबवण्याइतकेच तातडीचे आहे. उपचार दोन महिने आधी सुरू झाले असते. चष्म्याचेही तसेच. जवळचे-दूरचे एकाच काचेत असलेला चष्मा लावून खाली पाहिले की जमिनीवरच्या पट्ट्या धूसर दिसत, हे आठव्या आठवड्यात सहज बोलण्यात आले. चालण्यासाठी फक्त दूरचा नंबर असलेला वेगळा चष्मा त्यानंतर दिला.

सहाव्या महिन्याच्या भेटीत बाथरूमच्या आतल्या पट्टीची एक कड ओलाव्याने उचलून वर वळलेली सापडली, बरोबर जिथे उजवा पाय पडतो तिथे. ती काढून नवी लावली आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवायचे काम पत्नीने नोंदवहीत लिहून घेतले.